मलाक्क्याची चिनी पेठ

रजेचे दिवस थोडे आणि पाहण्यासारखीं स्थळें फार, अशा वेळीं मनुष्य बहुधा नांवाला भुलतो. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मलाक्का येथें आम्ही गेलों तेही नांवाच्याच ओढीनें. गोवें घेतल्यावर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १५११ सालीं, आल्बुकर्कनें जें बंदर जिंकलें तें हें, एवढें शाळेंत शिकलेलें पक्कें स्मरत होतें. बंदर म्हटल्यावर समुद्र दिसावा ही अपेक्षा कांहीं अवाजवी नव्हे. परंतु पहिला सारा दिवस चिनी पेठेंत हिंडूनही आम्हांस समुद्र म्हणून दिसला नाहीं.

कारण चौकशी करतां कळलें. हीरेन स्ट्रीट हा डच अमदानीपासूनचा मातब्बरांचा रस्ता. त्याच्या एका बाजूच्या घरांचीं परसें पूर्वीं थेट समुद्रास भिडलेलीं असत. गेल्या शतकांत भराव घालून किनारा पुढें लोटला गेला, आणि आतां त्या परसांमागें दुकानें, उपाहारगृहें व मोटारींची वर्दळ आहे. रस्त्याचें नांवही बदलून तेथीलच एक चिनी पुढारी तान चेंग लॉक यांचें देण्यांत आलें आहे.

इ. स. १४०० च्या सुमारास परमेश्वर नांवाच्या राजपुत्रानें वसविलेल्या या गांवाचें वैभव वाऱ्यावर उभें होतें, असें म्हटल्यास तो केवळ अलंकार होणार नाहीं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर हिंदुस्थानाकडील गलबतें येत, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर चीनकडील. आणि वारा फिरेपर्यंत सर्वांनाच येथें मुक्काम करणें भाग पडे. परदेशी व्यापाऱ्यांवर देखरेख करण्यास चार शहाबंदर नेमलेले असत. त्यांपैकीं एक गुजरात्यांचा आणि एक चिन्यांचा. पोर्तुगीज विजयानंतर लौकरच तेथें राहिलेल्या तोमे पिरेशनें या बंदरांत चौऱ्यायशीं भाषा ऐकूं येत असें लिहून ठेवलें आहे. त्यानें दिलेल्या व्यापाऱ्यांच्या यादींत चौल, दाभोळ आणि गोवें हीं नांवें वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो इतिहासाच्या अभ्यासकास शोभण्याइतका तटस्थ नव्हता, हें कबूल करतों!

आल्बुकर्कच्या स्वारींत सुलतानावर रुष्ट असलेल्या कांहीं चिनी व्यापाऱ्यांनीं त्याला आपलीं जहाजें वापरावयास दिलीं. सुलतानाची राजधानी पडली, मशिदींचे व थडग्यांचे दगड पोर्तुगीजांनीं आपल्या किल्ल्यास लाविले, आणि नदीपलीकडची चिनी वस्ती मात्र नांदत राहिली. मलाक्क्यांतच जन्मलेल्या एरेदियानें १६१३ सालीं काढलेल्या नकाशांत ती स्पष्ट दाखविली आहे. १६४१ त डच आले. १८२४ च्या तहानें इंग्रजांचा अंमल कायम झाला. किल्ला इंग्रजांनींच १८०७ सालीं सुरुंगांनीं उडविला, त्यांतला एक दरवाजा तेवढा उरला आहे.

या पेठेंतलें घर रस्त्यावर अरुंद दिसतें, पण आंत शिरलें कीं संपतां संपत नाहीं. समोर सर्वांच्या पायाखालची सामाईक ओसरी, मग दिवाणखाना, मग देव्हारा, आणि मध्यें उघड्या आकाशाखालचा फरसबंद चौक, ज्यांत पावसाचें पाणी सरळ पडतें. आपल्या वाड्यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. आतां संग्रहालय झालेल्या एका घराच्या माडीवरील तक्तपोशींत लहानसें भोंक ठेवलेलें आम्हीं पाहिलें. खालीं दाराशीं कोण आलें आहे हें घरांतील बायकांनीं वरूनच पाहून घ्यावें, अशी ती सोय! या घरांत राहणारे 'बाबा' म्हणजे चीनहून आलेल्या पुरुषांचे आणि या भागांतील स्त्रियांचे वंशज. त्यांच्या स्त्रिया त्या 'न्योन्या'. पितरांची पूजा चिनी पद्धतीची, बोली फूकियनी शब्दांनीं भरलेली मलायी, स्वयंपाकांत नारळ, चिंच आणि मिरची. नुसतें रक्ताचें मिश्रण म्हणून याकडे पाहणें आम्हांस चुकीचें वाटतें. यांत पुष्कळ पिढ्यांची निवड आहे. काय टाकावें आणि काय काय केल्या सोडूं नये, याची.

पेठेंतल्याच एका रस्त्यानें चालत गेल्यास १७४८ ची मशीद, १७८१ चें विनायकाचें देऊळ आणि चेंग हून तेंग हें सतराव्या शतकांतलें चिनी मंदिर एकामागून एक लागतात. परमुलखांत गणपतीचें असें अवचित दर्शन घडेल ही आम्हांस कल्पना नव्हती. देऊळ चेट्टी लोकांचें. मूळचे तामिळ व्यापारी, आतां घरांत मलायी बोलणारे, परंतु धर्मानें हिंदूच राहिलेले. चिनी मंदिर मुख्यतः कुआन-यिन देवीचें. परकीय सरकारनें नेमलेला चिनी समाजाचा 'कपितान' येथें बसून आपल्या लोकांचे तंटे तोडीत असे. म्हणजे देऊळ आणि कचेरी एकच.

सेंट पॉलच्या टेकडीवरील भग्न देवळांतून आम्हांस दुसऱ्या दिवशीं समुद्र प्रथम दिसला, तोही दूर, छपरांपलीकडे. चीनच्या किनाऱ्याजवळ मरण पावलेल्या फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ सालीं येथें पुरला होता. पुढल्या वर्षीं तो गोव्यास नेला.

आमचें मन मात्र बुकित चिना या दुसऱ्या टेकडीनें वेधलें. कोणा चिनी राजकन्येसाठीं सुलतान मन्सूरशहानें ती दिली, अशी मलायी बखरींतली कथा. चिनी दप्तरांत त्या राजकन्येचा पत्ता नाहीं. ली वेई किंग या कपितानानें ही जागा डच अमदानींत विकत घेऊन समाजास दफनासाठीं दिली, ही हकीकत अधिक विश्वसनीय. आज तेथें सुमारें १२,००० थडगीं आहेत. १९८४ सालीं ही टेकडी सपाट करून इमारती उठविण्याची योजना प्रांतिक सरकारनें मांडली, तेव्हां देशभर ओरड झाली आणि योजना मागें पडली. राहत्या घरांच्या वांट्यास असें रक्षण आलें नाहीं. भाडेनियंत्रणाचा कायदा १९९७ त रद्द ठरला, जुने भाडेकरू उठूं लागले. आणि २००८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गांवाचें नांव चढलें, तोंवर पुष्कळ घरांचे उंबरे परक्या पाहुण्यांसाठींच झिजूं लागले होते.

आम्ही बुकित चिनावरून उतरत होतों, तेव्हां एक वृद्ध गृहस्थ एका थडग्यावरचें गवत उपटीत बसले होते. कोणाचें म्हणून विचारतां त्यांनीं मोडक्या इंग्रजींत "आजोबांचे आजोबा" असें सांगितलें. दगडावर काय कोरलें आहे, हा आमचा पुढला प्रश्न. त्यावर ते हंसले. चिनी अक्षरें त्यांना वाचतां येत नव्हतीं. तीं त्यांच्या वडिलांनाही येत नव्हतीं. थडगें कोणतें तें मात्र वडिलांनीं लहानपणीं हात धरून दाखविलें होतें.