पोथीचे पाठ आणि प्रवरेची पाती

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही नेहमी नेवाशाला जातो, अर्थात मनाने. ज्ञानेश्वरी तेथे शके १२१२ मध्ये सिद्ध झाली आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्यांचे कूळ एक असावे, असे आपण मानतो.

प्राचीन माया लोकांच्या ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीजन्य काचेच्या, पात्यांचे मूळही असेच शोधले जाते. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण निराळे असते. क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मोजले, की शेकडो किलोमीटर दूरच्या नगरातले पातेही ग्वातेमालातील एल चायालचे की इश्तेपेकेचे, हे सांगता येते.

मग आमच्या प्रवरेचे काय? राजूरच्या परिसरात, रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या या नदीच्या काठी पुढे जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे आहेत. तेथील पाती प्रामुख्याने कॅल्सिडोनीची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची. काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत हा दगड तयार होतो आणि झिजून नदीच्या गोट्यांत येतो. बेसाल्ट महाराष्ट्रभर पसरलेला असल्याने येथे ऑब्सिडियनइतका नेमका पत्ता लावणे कठीण. रोजच्या कापणीचे हत्यार पायाशीच मिळत होते, एवढे मात्र खरे.

दूरचा प्रवास सांगते ते तांबे, कारण या खडकात त्याच्या खाणी नाहीत. दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ६० किलोंहून अधिक वजनाची चार शिल्पे सापडली. सा. अ. साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अगरवाल यांनी शंका घेतली. वाद मिटणे अवघड झाले, कारण शिल्पे शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर झाडाच्या बुंध्याशी खणताना निघाली होती. मातीचा थर हरवला, की वस्तू पुष्पिका फाटलेल्या पोथीसारखी होते: मजकूर शाबूत, काळ मुका.

म्हणूनच नदीकाठी सापडलेले पाते विद्यार्थी कौतुकाने आमच्या हाती ठेवतो, तेव्हा आमचा पहिला प्रश्न एकच असतो: हे नेमके कुठून उचललेस?