कड्यावरून माणूस पडला तर मदत येईपर्यंत काय कराल?

कोयनानगर : नवजाचा ओझर्डे धबधबा असो, जंगली जयगड असो की कुंभार्ली घाटाची कड, माणूस दरीत पडला की सगळ्यात आधी धावतात ती जवळच्या गावातली माणसं. 3 ऑगस्ट 2024 ला साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात ठोसेघरला आलेली एक तरुणी सुमारे शंभर फूट खाली गेली. तिला होमगार्ड आणि स्थानिकांनीच दोर सोडून वर काढलं. ती वाचली, पण दर वेळी असं होईलच याची खात्री नाही. दोर लावून चढणारा गिर्यारोहक पडला तरी खालची माहिती तितकीच कामाची.

पहिलं काम फोनचं. 112 वर पोलीस आणि 108 वर रुग्णवाहिका. कड्याखाली रेंज नसते, म्हणून एकानं रेंज मिळेल अशा उंच जागी जायचं. ‘नवजाच्या पुढं कुठंतरी’ असं सांगून कोणी पोहोचत नाही. मोबाईलचं लोकेशन इंटरनेट नसतानाही जीपीएसवर चालतं. नकाशातले ते आकडे साध्या मेसेजनं पाठवा. दरीतून माणूस काढायची सवय असलेले ट्रेकर्स जिल्ह्यात आहेत, त्यांना बोलावण्याची मागणी पोलिसांकडं लगेच करा. जागा अभयारण्यात असेल तर वनविभागालाही कळवा, वाटा त्यांना माहीत असतात.

मग खाली उतरायची घाई. इथंच घोळ होतो. वरून दगड सुटत असतात. पडलेल्या माणसाच्या बरोबर वर कोणी उभं राहू नये, वरची गर्दी बाजूला करा. पावसात निसरड्या कातळावर नुसत्या हाताच्या आधारानं उतरू नका. तुम्ही घसरलात तर एकाच्या जागी दोघं काढावी लागतील. झाडाला दोर बांधताना झाड ओढून बघा, मुळं कुजलेली असतात.

जखमीजवळ पोहोचलात की त्याला उठवून बसवू नका. मान किंवा पाठीचा कणा मोडला असेल तर हलवण्यानंच कायमचं अपंगत्व येऊ शकतं. डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. श्वास चालू आहे का बघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं जोरात दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. हेल्मेट असेल तर राहू द्या, श्वास अडत असेल तरच काढायचं. पाणी मागितलं तरी देऊ नका. ओठ ओले करा इतकंच. ऑपरेशन लागलं तर पोटातलं पाणी त्रासदायक ठरतं, शिवाय गुदमरायची भीती. अंगावर घोंगडं किंवा प्लास्टिक टाका. ओला माणूस गारठून दगावतो, आणि नवजाचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

दोराला लटकलेला गिर्यारोहक बेशुद्ध असेल तर तो फार वेळ लटकू देणं जिवावर बेततं. सुरक्षित जमलं तर लवकर खाली घ्या. मात्र कमरेला नायलॉनचा दोर बांधून कोणालाही वर ओढू नका. फासळ्या दबून श्वास कोंडतो.

जागा धोक्याची नसेल तर पथकाची वाट बघा. न्यावंच लागलं तर दोन बांबू आणि पक्की चादर घेऊन डोली करा. माणसं सहा-आठ तरी हवीत, आळीपाळीनं. चढावर डोकं वरच्या बाजूला ठेवा.

गाडीत ठेवताना डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी : किती वाजता पडला, साधारण किती उंचीवरून, मध्ये शुद्ध गेली होती का, उलटी झाली का. कागदावर लिहून सोबत द्या, कारण पाटणहून कराडला पाठवलं तर गाडी आणि माणसं दोन्ही बदलतात.