उन्हाळ्यातली उमेदवारी

अमेरिकेत वकिलांच्या मोठ्या पेढ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेदवारीला घेतात. जुने निवाडे धुंडाळावेत, मसुदे लिहावेत, वडीलधाऱ्या वकिलांच्या पंक्तीला बसावे. काम पसंत पडले की पुढे नोकरी मिळण्याचा संभव.

१९५८ च्या उन्हाळ्यात रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या 'पॉल, वाइस' पेढीत अशीच उमेदवारी केली. १९५९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्या पहिल्या आल्या, बरोबरीने का होईना. पण त्या पेढीचे बोलावणे आले नाही. शहरातल्या दुसऱ्या एकाही पेढीने नोकरी दिली नाही. बाई, त्यातून ज्यू, त्यातून लेकुरवाळी!

मग तो उन्हाळा फुकटच गेला म्हणायचा काय? मला तसे वाटत नाही. त्याच पेढीत पॉली मरे या कृष्णवर्णीय वकीलबाईंशी त्यांची ओझरती ओळख झाली. १९७१ मध्ये 'रीड विरुद्ध रीड' खटल्यात, स्त्री म्हणून डावलणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच घटनाबाह्य ठरविला. त्या खटल्यातील निवेदनावर गिन्सबर्गबाईंनी मरे यांचेही नाव घातले होते. लिहिण्यात मरे यांचा हात नव्हता, पण विचार मूळ त्यांचा होता. १९९३ मध्ये गिन्सबर्गबाई त्याच न्यायासनावर बसल्या.

घरोघरच्या उमेदवार लेकींना फराळाच्या ताटावर एवढी हकीकत जरूर सांगावी.