शस्त्रप्रतीके, बायबलमधील

बायबलच्या जुन्या व नव्या करारांत तलवार, धनुष्यबाण, भाला, गोफण, ढाल व चिलखत ही शस्त्रे रणांगणावर येतात, तशीच न्याय, संरक्षण, फूट, शोक आणि देवाचे वचन यांची चिन्हे म्हणूनही येतात. सर्वांत अर्थबहुल अर्थातच तलवार. जुन्या कराराच्या आरंभी ती पहारा देते, राजांच्या काळात रक्त सांडते आणि नव्या कराराच्या अखेरीस थेट तोंडातून बाहेर पडते.

या शेवटच्या चमत्कारिक प्रतिमेचे मूळ भाषेत आहे. हिब्रूत तलवारीला ‘हेरेव’ म्हणतात आणि तिच्या धारेला ‘तोंड’. शहरातील माणसे ‘तलवारीच्या तोंडाने’ मारली जातात, तलवार माणसे ‘खाते’. ‘शास्ते’ या पुस्तकात डावखुरा एहूद मवाबाचा राजा एग्लोन याला मारण्यासाठी उजव्या मांडीला हातभर लांबीची तलवार बांधून नेतो; ती शब्दशः ‘दोन तोंडांची’ आहे. ग्रीक नव्या करारातील ‘दिस्तोमोस’ या शब्दाचाही अर्थ तोच. मराठीत त्याचे ‘दुधारी’ होते. शब्द अचूक आहे, पण त्यातले तोंड मात्र गळते. ते ध्यानात ठेवले, की यशयाच्या पुस्तकातील देवाचा सेवक आपले मुख तीक्ष्ण तलवारीसारखे केल्याचे का सांगतो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाचे वचन दुधारी तलवारीहून धारदार का ठरते आणि प्रकटीकरणात ख्रिस्ताच्या मुखातून तलवार का निघते, हे उलगडते. मराठी बायबलचे रूढ नावही ‘पवित्र शास्त्र’. शस्त्र आणि शास्त्र यांचे धातू वेगळे, पण मराठी वाचकाच्या नजरेला त्यांत अंतर एका कान्याचेच.

पहिली तलवार उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात भेटते. आदाम व हव्वा यांना एदेन बागेतून घालवल्यावर जीवनाच्या झाडाची वाट राखण्यासाठी करूब नावाचे स्वर्गीय रक्षक आणि गरगर फिरणारी ज्वालामय तलवार ठेवली जाते. ती कोणाच्या हातात आहे असे तेथे म्हटलेले नाही; चित्रकारांनी पुढे ती देवदूताच्या हाती दिली. जलप्रलयानंतर देव ढगांत धनुष्य ठेवतो. हिब्रूतील ‘केशेत’ हा शब्द युद्धातल्या धनुष्यालाही चालतो, म्हणून काही भाष्यकार या खुणेकडे देवाने खाली ठेवलेले शस्त्र म्हणून पाहतात. पावसाळी आकाशातल्या कमानीला इंद्राचे धनुष्य म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

शस्त्र प्रतीक होण्याआधी लोखंड असते, आणि ते दुर्मीळ असते. ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात याचे बोलके वर्णन आहे. इस्राएलांनी तलवारी-भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी त्यांच्या देशात लोहारच राहू दिला नव्हता. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायलाही शत्रूकडेच जावे लागे. लढाईच्या दिवशी तलवार व भाला होता फक्त राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्यापाशी. दावीद व पलिष्टी योद्धा गल्याथ यांची कथा या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. गल्याथाच्या भाल्याचे लोखंडी पाते 600 शेकेल वजनाचे. दावीद शौलाचे चिलखत अंगावर चढवून पाहतो, सवय नाही म्हणून उतरवतो आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचतो. प्रवचनांत कथा गोफणीपाशी थांबते. मूळ मजकुरात दावीद गल्याथाचीच तलवार उपसून त्याचे शिर कापतो, आणि ती पुढे नोब येथे याजकापाशी कापडात गुंडाळून ठेवलेली सापडते.

यशया व मीखा हे संदेष्टे तलवारी ठोकून फाळ करण्याचे स्वप्न मांडतात, ते अशाच समाजासमोर. तोच धातू एक तर शेतात राबतो, नाही तर रणात. योएलाच्या पुस्तकात हेच चित्र उलटे करून फाळांच्या तलवारी करायला सांगितले आहे. शांतिवाद्यांच्या भाषणांत हे वचन सहसा येत नाही. यशयाच्या प्रतिमेवरून येवगेनी वुचेतिच याने घडवलेला पुतळा सोव्हिएत संघाने 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिला.

येशूच्या तोंडी तलवारीविषयी आलेली वाक्ये एकमेकांना छेद देतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो शांती नव्हे तर तलवार आणायला आल्याचे म्हणतो. लूकाच्या शुभवर्तमानातील समांतर उताऱ्यात तलवारीच्या जागी ‘फूट’ असा शब्द आहे. अर्थात रोख घराघरांत पडणाऱ्या दुहीकडे. अटकेपूर्वी तो शिष्यांना तलवार विकत घ्यायला सांगतो, ते दोन तलवारी दाखवतात आणि तो ‘पुरे’ म्हणून विषय मिटवतो. काही तासांतच एक शिष्य महायाजकाच्या दासाचा कान कापतो. योहान त्यांची नावे देतो, पेत्र आणि मल्ख; कान बरा झाल्याचे एकटा लूक सांगतो. त्या दोन तलवारींवरून पोप आठवे बोनिफेस यांनी 1302 च्या ‘उनाम सांक्ताम’ या आज्ञापत्रात आध्यात्मिक व ऐहिक या दोन्ही सत्ता चर्चच्या अधीन ठरवल्या. एवढ्या छोट्या संवादावर एवढे मोठे ओझे क्वचितच लादले गेले असेल.

इफिसकरांस लिहिलेले पत्र परंपरेने पौलाचे, अनेक अभ्यासकांच्या मते त्याच्या अनुयायाचे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण ही त्यातील ‘शस्त्रसामग्री’ रोमन शिपायाची वाटते. पण उरस्त्राण व शिरस्त्राण यशयाच्या 59 व्या अध्यायात स्वतः देवाने चढवलेले आहे. यादीतील वार करण्याचे साधन एकच, आत्म्याची तलवार, आणि तिचा अर्थ लगेच दिला आहे: देवाचे वचन. लिहिणारा मात्र स्वतःला बेड्यांत असलेला राजदूत म्हणवतो.

येशूची आई मरिया हिच्या जिवातून तलवार आरपार जाईल, हे वृद्ध शिमोनाचे भाकीत ‘दुःखी माते’च्या मूर्तीत हृदयात रुतलेल्या एका किंवा सात तलवारींनी दाखवले जाते. चर्चमधील चित्रांत पौलाच्या हातीही तलवार असते. रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला अशी परंपरा आहे आणि तलवार त्याचीच खूण. तिच्यात आत्म्याची तलवार पाहणारेही आहेत.