चेटकीण आणि हिशेबाची वही

दिवसभर युनियनची पत्रके लिहिणारा माणूस रात्री रहस्यकथा वाचतो, याचे आपणांस हसू येईल. पण विलायती खेड्यातल्या त्या कथा मला आवडतात. चर्च, चहा, एखादा खून आणि चेटकीण म्हणून गाजलेली म्हातारी! वाचताना मौज वाटते. मात्र या मौजेची किंमत कोणी तरी आधीच मोजली आहे.

१६८२ साली बिडेफर्ड गावच्या तीन गरीब बायांना चेटकाच्या आरोपावरून एक्झिटर येथे फाशी दिली. पुढे १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा उरला नाही. चेटूक येते असे भासवणे हा गुन्हा ठरला. फास गेला, तेव्हा कुठे हसायला जागा झाली.

१९६१ साली अगाथा ख्रिस्तीने ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी लिहिली. खेड्यातल्या जुन्या सराईत तीन बाया राहतात. त्यांच्या मंत्राने दूरची माणसे मरतात, अशी वदंता. शेवटी निघते काय? थॅलियम नावाचे विष, आणि वारशावर टपलेल्यांनी मोजलेला पैसा! मंत्र कानी आला की हिशेबाची वही मागावी, हे आम्ही चळवळीत शिकलो. बाईंनी ते गोष्टीत सांगितले.

एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पुस्तकातल्या चेटकिणीला खुशाल हसा. पण शेजारणीला कोणी चेटकीण म्हणाला, तर हसण्यावारी नेऊ नका. एवढेच विचारा : तिच्या जमिनीवर डोळा कोणाचा?