साबो काडतुसे व शिकारी रायफल

बंदुकीच्या किंवा तोफेच्या नळीच्या व्यासापेक्षा लहान व्यासाची गोळी त्या नळीतून उडविता यावी म्हणून गोळीभोवती एक आवरण बसवितात. नळीबाहेर पडताच गळून जाणाऱ्या या आवरणास साबो असे म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लाकडी पादत्राण असा आहे. गुळगुळीत नळीच्या जुन्या तोफांत पोकळ गोळ्याची वात पुढच्या बाजूस राहावी म्हणून गोळ्याच्या बुडाशी लाकडी ठोकळा बांधीत. त्यास प्रथम हे नाव मिळाले.

साबोमागील तत्त्व साधे आहे. दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेला वायू गोळीच्या बुडावर दाब देतो. बुडाचे क्षेत्रफळ मोठे असल्यास एकूण जोर वाढतो आणि ढकलावयाचे वस्तुमान कमी असल्यास वेग वाढतो. रुंद नळी व हलकी गोळी या दोहोंचा लाभ साबोमुळे एकाच वेळी मिळतो. हवेतून पुढे जाणारी गोळी मात्र बारीकच राहते.

या तत्त्वाचा महत्त्वाचा उपयोग प्रथम तोफांत झाला. फ्रान्समध्ये एद्गार ब्रांट यांच्या कारखान्यात १९४० पूर्वी त्या दिशेने प्रयत्न झाले होते. ब्रिटनमध्ये पर्मटर व कॉपक यांनी टंगस्टन कार्बाइडाचा गाभा असलेला साबोयुक्त चिलखतभेदी गोळा सिद्ध केला व तो १९४४ मध्ये ५७ मिमी. रणगाडाविरोधी तोफेसाठी रणांगणावर आला. पुढे गोळ्याची जागा पंखयुक्त लांब बाणाने घेतली. भारतात ‘अर्जुन’ रणगाड्यासाठी या प्रकारचा १२० मिमी. दारूगोळा पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने विकसित केला.

शिकारी रायफलीत साबो आला तो अमेरिकेत, आणि त्याचे कारण सर्वस्वी वेगळे होते. तेथील शिकाऱ्याकडे बहुधा ‘३०-०६’ जातीची रायफल असे. अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या या काडतुसाच्या गोळीचा व्यास ७·८२ मिमी. असून सु. १० ग्रॅ. वजनाची गोळी हरणाच्या शिकारीस पुरेशी होते. कुरणे पोखरणारे वुडचक किंवा प्रेअरी डॉग यांसारखे लहान प्राणी दुरून टिपण्यासाठी मात्र ५·६९ मिमी. व्यासाची, हलकी व अतिवेगवान गोळी लागते. विंचेस्टर कंपनीच्या ‘२२० स्विफ्ट’ या १९३५ मधील काडतुसाने सु. ३ ग्रॅ. गोळीस सेकंदास १,२५० मी. वेग दिला होता. परंतु त्यासाठी दुसरी रायफल विकत घ्यावी लागे. रेमिंग्टन कंपनीने १९७७ मध्ये ‘ॲक्सेलरेटर’ नावाचे काडतूस विक्रीस आणून हा खर्च टाळण्याचे आश्वासन दिले. त्यात ३·५६ ग्रॅ. वजनाची बारीक गोळी प्लॅस्टिकच्या साबोत बसविलेली असून ३०-०६ रायफलीतून तिचा वेग सेकंदास सु. १,२४० मी. भरे. ‘३०८’ व ‘३०-३०’ या जातींसाठीही अशी काडतुसे निघाली.

अमेरिकेत काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद जुना आहे. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीच्या पुंगळीत ठिणगी जाण्यासाठी मधोमध एकच छिद्र असते व त्यामुळे उडालेली टोपी सहज काढता येते. ही ब्रिटिश पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन हायरम बर्डन यांची दोन छिद्रांची पद्धत यूरोपात, हा योगायोग मौजेचा आहे. सुटे साबो मिळू लागताच छांदिष्टांनी आपल्या पसंतीच्या गोळ्या त्यांत बसवून पाहिल्या. धातूच्या गोळीची सवय असलेल्या हातांना येथे नवा धडा मिळाला. पुंगळीची कड किंचित धारदार राहिली तरी मऊ प्लॅस्टिक तासले जाते, आणि गोळी साबोत तिरपी बसल्यास ती तशीच उडते.

वेगाचे आश्वासन खरे ठरले. नेमाचे ठरले नाही. साबोच्या पाकळ्या एकाच क्षणी व सारख्याच सुटल्या नाहीत, तर एका बाजूचा धक्का गोळीला मार्गावरून ढळवितो. हरणाच्या शिकारीत खपून जाणारी चूक मुठीएवढ्या लक्ष्याच्या बाबतीत खपत नाही. दुसरी अडचण आट्यांची होती. ३०-०६ रायफलीच्या नळीतील आटे २५·४ सेंमी. अंतरात एक पूर्ण वेढा घेतात. बारीक गोळीच्या रायफलीत हे अंतर बहुधा ३५·५ सेंमी. असे. परिणामी साबोतील गोळी सेकंदास सु. ४,९०० फेरे घेत बाहेर पडे. इतक्या भ्रमणात गोळीतील लहानसा असमतोलही मोठा होतो आणि पातळ वेष्टनाची गोळी हवेतच फुटू शकते. म्हणजे दोन रायफलींचे काम एकीकडून करून घेण्याचा हेतू त्या एका रायफलीच्या घडणीमुळेच अडला. चोखंदळ नेमबाज स्वतंत्र रायफलीकडे परतले आणि रेमिंग्टनचे उत्पादनही पुढे बंद झाले.

न्यायवैद्यकास या काडतुसांनी वेगळाच प्रश्न घातला. आट्यांचे ओरखडे साबोवर उमटतात, गोळीवर नाही; त्यामुळे केवळ गोळीवरून रायफल ओळखता येत नाही. घटनास्थळी नळीच्या दिशेस विखुरलेले प्लॅस्टिकचे तुकडे व रिकामी पुंगळी यांना म्हणूनच महत्त्व येते.

साबो टिकला तो शिकारीच्या जुन्या घडणीच्या बंदुकीत. टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये आणलेल्या नव्या घडणीच्या ठासणीच्या बंदुकीनंतर १२·७ मिमी. नळीत साबोसह पिस्तुलाची लहान गोळी ठासण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. तेथे वेग मर्यादित, अंतर थोडे व लक्ष्य मोठे असल्याने साबोचे दोष फारसे बाधत नाहीत. तथापि ठासणीच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम जुन्या पद्धतीच्या शस्त्रासाठी राखलेला असल्याने, अशा सुधारणेने त्याचा हेतूच नाहीसा होतो असा आक्षेप निघाला आणि कोलोरॅडो राज्याने त्या हंगामात साबोस बंदी घातली.