कन्नगळ्ळ आणि गंटीचोर

चोरांना नावे ठेवण्यात आपले पूर्वज मोठे हौशी! भिंतीला भोक पाडून घरात शिरणारा तो संस्कृतात संधिच्छेदक. 'मृच्छकटिक'मधला शर्विलक आठवतो ना? भोक कमळासारखे पाडावे की चंद्रकोरीसारखे, याचा हा ब्राह्मण गंभीरपणे विचार करतो आणि मापाची दोरी विसरली म्हणून चक्क जानवे वापरतो. कन्नडमध्ये अशा भोकाला 'कन्न' म्हणतात. म्हणून हुबळी-धारवाडकडे घरफोड्या म्हणजे 'कन्नगळ्ळ'. मातीच्या भिंती जाऊन लोखंडी तिजोऱ्या आल्या, तरी बँक फुटली की तिथली वृत्तपत्रे बँकेला 'कन्न' पडल्याचेच छापतात.

ही नावे कामाची. चोरी सोडली की नाव सुटले. पण याच हुबळीत मला एक न सुटणारे नाव दिसते, 'गंटीचोर'. गंट म्हणजे गाठ, गाठोडे. लोक पैसे धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवत, त्या काळातला हा शब्द, संस्कृतातला ग्रंथिभेदक. मराठीतले भामटा आणि उचल्या हे त्याचेच भाऊबंद. यांच्यातल्याच टकारींचे नाव मात्र जात्याला टाकी लावण्याच्या कष्टाच्या धंद्यावरून आले आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

इंग्रजांच्या पोलिसांनी या शब्दांच्या जाती केल्या. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तकच लिहिले; कोण कशी चोरी करतो, आपसात कोणते सांकेतिक शब्द वापरतो, सारे जातवार! १९११ पासून गुन्हेगार जमाती कायदा या इलाख्यालाही लागू झाला. मग १९२० च्या सुमारास हुबळीत स्टार्टसाहेबांच्या देखरेखीखाली वसाहत उभी राहिली. तारेचे कुंपण, रोजची हजेरी. तान्हे मूलही जन्मतःच या जमातीचे. (शर्विलकाच्या जातभाईंना कुणी हजेरी लावली नाही.)

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. हुबळीत त्या भागाला अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. शब्दही गेले नाहीत. कर्नाटकच्या अनुसूचित जातींच्या यादीत गंटीचोर आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा, उचले, घंटीचोर आहेत. 'उचल्या' हेच नाव लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला दिले आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक जण पुस्तक लिहीत नाही. शाळेत सवलत हवी असेल तर पोराने दाखल्यावर स्वतःला चोर लिहून घ्यायचे, आणि तो शब्द नको असेल तर सवलत सोडायची.